जोड्यांची रांग

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतला म्हणून जो नाच सांगितला जातो त्याची मांडणी अशी. बाप्यांची एक ओळ, समोर बायांची एक ओळ, मधे चारेक फुटांची वाट. समोरासमोर उभे ते दोघं म्हणजे एक जोडी. वाजवणारे ज्या टोकाला बसतात ते ओळीचं डोकं. तिथली जोडी पहिली. ती दुसऱ्या जोडीबरोबर नाचते. हात देते, हात घेते, दोघांच्या मधून जाते, बाहेरून वळसा घालते आणि चाल संपता संपता दुसऱ्या जोडीच्या जागेवर येऊन उभी राहते. दुसरी जोडी तेवढ्यात एक जागा वर चढलेली असते. चाल पुन्हा पहिल्यापासून, आता समोर तिसरी जोडी. असं करत पहिली जोडी तळाला पोचते, तिथं एक पाळी नुसती उभी राहते आणि उलटी वर निघते. ओळीत सहा जोड्या असोत की साठ, नियम तोच.

*

यातली पावलं अवघड नाहीत. धड चालता येणाऱ्या कुणालाही जमतील. मी अडकलो तो सरकण्याच्या नियमात. पहिल्या जोडीचं पहिलेपण टिकत नाही, आणि वाजवणाऱ्यांनी दम धरला तर तळाची जोडीही कधी ना कधी डोक्याशी येतेच. दुसरी गोष्ट म्हणजे जोडी फुटत नाही. ती दोघं मिळून प्रवास करतात आणि वाटेत दुसऱ्या जोड्यांना भेटतात. आपल्याकडे असं कुठं आहे, हे बीड जिल्ह्यातल्या गेवराईत बसून आठवायला लागलो. त्या आठवणीतून ही टिपणं झाली.

*

लंडनमध्ये टेंपल चर्चच्या दाराशी जॉन प्लेफर्डचं पुस्तकांचं दुकान होतं. त्यानं काढलेल्या ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’वर साल आहे १६५१. पहिल्या चार्ल्स राजाचं मुंडकं १६४९ साली उडवलेलं, कारभार सोवळ्या धर्मनिष्ठांच्या हाती, आणि हा गृहस्थ नाचाचं पुस्तक छापतो. पुस्तकात शंभरावर नाच. वर चालीचे सूर, खाली कुणी कुठं सरकायचं त्याच्या सूचना. शिवाय प्रत्येक नाच कितीजणांचा तेही लिहिलेलं: हा सहाजणांचा, हा आठजणांचा चौकोनी, हा गोल फेराचा. काहींच्या डोक्यावर मात्र आकडाच नाही, जेवढे येतील तेवढ्यांचा असं लिहिलंय. सप्ताहाच्या पंगतीचा हिशोब असाच असतो.

पुस्तक खपलं. पाऊणशे वर्षं त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि गोल, चौकोनी नाच मागं पडत जाऊन लांब ओळीचा नाच उरला.

आपल्याकडे तुकोबांचं प्रयाण १६५० सालचं. म्हणजे दोन्ही एकाच काळातले. तुकोबांच्या गाथेत टिपरी, फुगडी, हमामा, हुंबरी, चेंडूफळी या खेळांवर अभंगच्या अभंग आहेत. देहूच्या वाण्यानं हे खेळ जवळून पाहिले असणार, त्याशिवाय असं लिहिता येत नाही. पण त्या अभंगांत कोणता पाय कुठं टाकायचा याचा पत्ता नाही. खेळ ज्याला त्याला येतच होता, त्यामुळं लिहून ठेवायचं कुणाला सुचलं नसावं.

*

भाची शिकायला लीड्सला आहे. तिथं कॉलेजच्या हॉलमध्ये असल्या नाचाची संध्याकाळ असते, तिला ‘केली’ म्हणतात. तिनं फोनवर सांगितलं, ‘‘मामा, शिकून जावं लागत नाही. एक बाई माइकवर सांगत उभी राहते, आपण फक्त ऐकायचं. आधी एकदा चालत करून घेतात, मग बाजा सुरू.’’ जोडीदार नव्हता तर शेजारचे एक पांढऱ्या दाढीचे आजोबा आले आणि हात पुढं करून उभे राहिले. रात्र संपेपर्यंत हॉलमधल्या बहुतेक सगळ्यांशी एकदा तरी हात मिळवून झाला, नाव मात्र एकाचंही कळलं नाही.

मी विचारलं, वाईट नाही वाटत का कुणाला, असं अनोळखी माणसाचा हात धरायचं? म्हणाली, ‘‘दोन मिनिटांत तो पुढं गेलेला असतो.’’

*

हल्ली नवरात्रात गेवराईतही मांडव घालून दांडिया होतो. नीट पाहिलं तर त्यातही सरकण्याचा नियम आहे. दोन ओळी समोरासमोर, टिपऱ्या वाजवून झाल्या की प्रत्येकजण एक जागा पुढं, समोर नवा माणूस. ओळीच्या शेवटाला पोचलं की वळून पलीकडच्या ओळीत शिरायचं. लांबून पाहणाऱ्याला इंग्रजी नाच आणि हा एकच वाटेल. पण दांडियात प्रत्येकजण एकटा फिरतो. ज्याच्याशी टिपरी वाजली तो गेला. तिकडं दोघं एकमेकांचे राहून बाकीच्यांना भेटतात.

मांडवात अलीकडे ओळीही मोडल्या आहेत. आपापल्या मित्रमैत्रिणींची पाचसहाजणांची रिंगणं होतात आणि आतल्या आत वाजवतात. कमिटीच्या मंडळींना विचारलं तर म्हणतात, ओळ धरली की ओळखीपाळखीचा नसलेला समोर येतो, मग भांडणं होतात.

*

तालुक्यात सप्ताह होत नाही असं गाव काढून दाखवा. गोदाकाठी राक्षसभुवन, पांचाळेश्वर. अलीकडे तलवाड्याची त्वरितादेवी. पलीकडे बीडच्या अंगाला नारायणगड. टाळ-मृदंगाशिवाय इथलं वर्ष पुरं होत नाही. कीर्तनात पावली रंगते तेव्हा टाळकऱ्यांच्या दोन ओळी समोरासमोर येतात, मृदंगवाला मधे. दोन पावलं पुढं, दोन मागं, अंग वळवून बाजूला, खाली बसून पुन्हा उठून. दोन्ही ओळी एकमेकींत शिरून पलीकडे जातात तेव्हा प्लेफर्डच्या पुस्तकातली आकृतीच डोळ्यांपुढं येते.

तिथं जोड्या नाहीत. समोर जो आहे त्याच्याशी डोळा मिळतो, पण तो तुमचा नव्हे. पावली संपली की दोघं एकमेकांच्या पाया पडतात. वयानं थोरला धाकट्याच्या पाया पडताना पाहून परगावचा पाहुणा चपापतो. ओळीला डोकं असतंच तर ते विण्याकडे, आणि विणेकरी जागचा हलत नाही. वर चढायचं, खाली यायचं हा प्रश्नच तिथं येत नाही.

बाया बाजूला बसून पाहतात. दिंडीत त्या डोक्यावर तुळस घेऊन चालतात आणि रस्त्यात जागा मिळाली की फुगड्या घालतात. वारीत सत्तरीच्या म्हाताऱ्या फुगडी घालताना पाहिल्या आहेत आणि त्यांच्याशेजारी धोतर खोचून तेवढ्याच वयाचे म्हातारेही. पण बाईची फुगडी बाईशी, बाप्याची बाप्याशी.

*

फुगडीत मात्र जोडी आहे, आणि तीही पक्की. पाय जुळवून, हातांची अढी घालून, अंग मागं टाकायचं. माझा भार तू धर, तुझा मी धरते, एवढाच करार. एकीनं हात सोडला तर दोघी पडतात. पंचमीला माहेरी आलेल्या पोरी गल्लीत फेर धरतात, झिम्मा खेळतात आणि शेवटी फुगडीवर येतात. दंडाची, एका हाताची, बसफुगडी, जात्याची, कासवाची. प्रकार सांगत बसलं तर वही भरेल.

फुगडीतल्या दोघींना मात्र बाहेरचं जग दिसत नाही. सगळं भिरभिरत असतं, स्थिर दिसतो तो समोरचीचा चेहरा. दुसऱ्या जोडीला भेटायची सोयच नाही. भेटलीच तर धडक.

*

गोफाची जोडणी याहून अवघड. वर गाठ मारलेल्या रंगीत पट्ट्या, प्रत्येकाच्या हाती एक, निम्मे सव्य आणि निम्मे अपसव्य. एकाच्या खालून, दुसऱ्याच्या वरून. नाचणारे सम संख्येत लागतात. वेणी विणून झाली की उलटं नाचून ती उकलायची. काणकोणकडच्या शिमग्यातला गोफ नावाजलेला आहे. आपल्याकडे तो शाळेच्या स्नेहसंमेलनापुरता उरला आहे. एक पोरगं चुकलं की गाठ बसते, मग गाणं संपेपर्यंत बाई स्टेजवर कात्री घेऊन उभ्या.

*

जेन ऑस्टिनची ‘एमा’ १८१५ च्या डिसेंबरात बाजारात आली. तीत एका नाचाच्या रात्रीचा प्रसंग आहे. गावातली पहिल्या मानाची मुलगी म्हणजे एमा. ओळीच्या डोक्याशी आपणच उभं राहायचं हे तिनं धरलेलं. पण पाद्र्याची नुकतीच लग्न होऊन आलेली बायको हजर आहे आणि नव्या नवरीचा मान मोठा. एमाला दुसऱ्या जागी उभं राहावं लागतं. तिला ते इतकं लागतं की क्षणभर आपणही लग्न करून टाकावं असं तिच्या मनात येतं.

मराठी वाचकाला या प्रसंगावर टीप लागणार नाही. मानपानावरून उठून गेलेल्या वराती आपण पाहिल्या आहेत. पोळ्याला वेशीतून पहिली बैलजोडी कुणाची यावरून पिढ्यान्‌पिढ्या न बोलणारी घरं आहेत. ऑस्टिनच्या काळात डोक्याशी उभ्या असलेल्या बाईला आणखी एक अधिकार होता: कोणती चाल वाजवायची आणि कोणता नाच करायचा ते ती ठरवी. फरक पुढं आहे. पोळ्यात मानाची जोडी पुढच्या वर्षीही तीच. त्या ओळीत मात्र मान घेणारी जोडी नाच सुरू होताच खाली उतरायला लागते, आणि एमाची जोडी वर.

*

आपल्या समाजात नवराबायको ‘जोडी’ म्हणून कुठं मोजली जातात? पूजेला. सत्यनारायणाला उपरण्याला पदराची गाठ मारून बसतात. देवीच्या नवसाला मेहुणं जेवू घालतात, तिथं पाच मेहुणं म्हणजे पाच जोडपी, हिशेब चुकत नाही. विधवा, विधुर, लग्न न झालेला, कुणी चालत नाही.

आणि दुसरीकडे उसाच्या फडात.

*

मुकादमाला विचारा, यंदा टोळी किती? तो सांगेल, बारा कोयते. बारा कोयते म्हणजे बारा जोडपी, चोवीस माणसं. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता, त्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तीही अर्धी. दसरा-दिवाळी झाली की गेवराई, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणीकडच्या टोळ्या हलतात. ट्रकमध्ये खाली संसार, वर माणसं, कडेला शेळी. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नाहीतर पार कर्नाटकात चिकोडी-बेळगावकडे.

गंमत अशी की तालुक्यात ऊस नाही असं नाही. जायकवाडीचा उजवा कालवा इथूनच माजलगावाकडे जातो. गढीला जय भवानी कारखाना आहे. कालव्याखालच्या पट्ट्यात उसाची हिरवी भिंत आणि वरच्या अंगाला माळरानात कापूस, बाजरी, तूर. वरच्या अंगाची माणसं दुसऱ्याचा ऊस तोडायला दोनशे-तीनशे किलोमीटर जातात.

फडात प्रत्येक कोयत्याला पात लागते. बारा पाती शेजारी शेजारी. गडी तोडतो, बाई पाचट सोलते, वाढं छाटते, मोळी बांधते. गाडी आली की मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचं, दोघांनीही. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला. एका जोडीची दिवसाची तोड दीड-दोन टनांची. दर टनावर मिळतो, आणि तो जोडीला. बाईचं वेगळं काही लिहिलेलं नसतं. उचल गड्याच्या हातात, अंगठाही त्याचाच.

२०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. वाढीच्या बातमीत कामगार, मुकादम, कारखानदार, नेते सगळे होते. टनातली बाईची मोळी किती, हा आकडा कुठं वाचला नाही.

*

जोडीतली एक आजारी पडली की अख्खा कोयता बसतो आणि खाडा धरला जातो. पाळीच्या दिवसांत, बाळंतपणात, तापात, काहीही झालं तरी पात मागं राहता कामा नये. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी मागच्या दहा वर्षांत काढलेली निघाली. पंचविशी-तिशीतल्या पोरी होत्या त्यांत.

अर्ध्या कोयत्याला उचल कमी, म्हणून पोराचं लग्न हंगामाच्या आत उरकायचं. पोरगी मागं एकटी ठेवायची कुणाकडे, म्हणून पोरीचंही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यात विशी ते चोविशीतल्या बायांपैकी जवळपास ४४ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. ही सगळी लग्नं उसापायी झाली असं म्हणता येणार नाही. कोरडवाहू घरात इतरही कारणं असतात. पण सप्टेंबरात आमच्याकडे मंडप दिसायला लागले की म्हातारी माणसं विचारतात, कोणत्या कारखान्याला?

*

ऑस्टिनच्याच ‘नॉर्थँगर ॲबी’त हेन्री टिल्नी नाचता नाचता मुलीला सांगतो की हा नाच लग्नाचंच रूप आहे. दोन्हींकडे निवड पुरुषाची, बाईच्या हाती फक्त नकार. एकदा जोडी ठरली की नाच संपेपर्यंत दोघं एकमेकांची. मुलगी भाबडी आहे, तिला पटत नाही. ती म्हणते, लग्न केलेल्यांना एकत्र घर चालवावं लागतं, नाचणाऱ्यांना अर्धा तास समोर उभं राहावं लागतं, दोन्ही एक कसं?

मुलगी मला हेन्रीपेक्षा शहाणी वाटते. शिवाय त्या दोघांना फड ठाऊक नव्हता. तिथं निवड नवऱ्याचीही नसते. टोळीत कोणता कोयता घ्यायचा ते मुकादम ठरवतो.

*

हा इंग्रजी नाच सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सनं उचलला. तिथून तो युरोपभर गेला. त्याचीच पोरं-नातवंडं स्पेनच्या लोकांबरोबर क्यूबात पोचली. गोव्यातल्या मांडोच्या रचनेतही अभ्यासकांना मिन्युएटची आणि या फ्रेंच झालेल्या नाचाची सावली दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सासष्टीत, लोटली-कुडतरी-बाणावलीच्या भाटकारांच्या मोठ्या घरांत मांडो बहरला. पुरुष एका ओळीत, बाया दुसऱ्या ओळीत, बायांच्या अंगावर तोरोप-बाजू, हातात पंखा. साथीला घुमट आणि व्हायोलिन. संथ पावलं, डोळे पंख्याआडून, आणि एका ठरल्या क्षणी दोन्ही ओळी एकमेकींतून पार होऊन जागा बदलतात. बहुतेक गाणी ताटातुटीची. तोर्कातो द फिगेरेदो यांचा ‘आदेउस कोरच्या वेळार’ निरोपाचाच आहे. मांडो संपता संपता दुलपदं सुरू होतात, लय चढते, गावातल्या कुचाळक्या गाण्यात येतात आणि मघाचा सुस्कारा हवेत विरतो.

मांडोत जोडी आहे, ओळ आहे, समोरासमोर बाई-बाप्या आहेत. आपल्या मुलखाच्या जवळ एवढं जुळणारं दुसरं नाही. पण तो दिवाणखान्यातला नाच, शेतात राबणाऱ्यांना तिथं प्रवेश नव्हता. त्याच गोव्यात हिंदू बाया पौषातल्या चांदण्या रात्री मांडावर धालो घालतात. दोन ओळी समोरासमोर, कमरेत हात गुंफलेले, एक ओळ झुकत पुढं येते, दुसरी मागं सरते. तिथं पुरुषाला मज्जाव. आकृती एकच, माणसं वेगळी निवडली की नाचाचा अर्थ फिरतो.

*

तालुक्यातले तांडे होळीला पाहावेत. बंजाऱ्यांची होळी पहाटे पेटते, तीही नायकाच्या परवानगीनं. त्याआधी कितीतरी रात्री लेंगी चालते. डफ घेऊन बाप्ये एका बाजूला, फेटिया-कांचळीतल्या बाया दुसऱ्या बाजूला. एक बाजू गाते, दुसरी उत्तर देते, मग दोन्ही फेर एकमेकांजवळ येतात, पुन्हा लांब जातात. टोमणे, उखाळ्यापाखाळ्या, दिराची थट्टा, सगळं गाण्यात. ज्या घरात मुलगा झाला तिथं धुंड. त्या दिवशी बायांच्या हातात काठ्या येतात आणि खाऊ पळवायला आलेल्या गड्यांना खरंच फटके बसतात. मार खाऊन हसणारे बाप्ये वर्षातून त्या एका दिवशीच दिसतात.

बाया आणि बाप्ये एका मैदानात, एका वाद्यावर, एकमेकांना उद्देशून नाचतात असं आमच्याकडे एवढं एकच ठिकाण. नवराबायको म्हणून मात्र कुणी समोर येत नाही. बायांचा तांडा आणि बाप्यांचा तांडा असा तो सामना असतो.

होळी मार्चात येते आणि तेव्हा कारखाने सुरूच असतात. पुष्कळ तांडे निम्मे रिकामे. मग फडाजवळ, कोप्यांपुढं होळी पेटते आणि डफ तिथंच वाजतो. गावकरी लांबून पाहतात.

*

लग्नाच्या वरातीत डीजेपुढं पोरं, मागं लांब अंतर ठेवून बाया. हे पूर्वापार. हळदीच्या रात्री आता नवरानवरीचा ‘कपल डान्स’ असतो. आठ दिवस मोबाइलवर बघून बसवलेला, वरून धूर, पायाशी थंड आतषबाजी. सासरे-मंडळी खुर्चीवर अवघडून बसतात, मग टाळ्या वाजवतात. मला यात गैर काही वाटत नाही. दोघं सगळ्यांसमोर हात धरून उभी राहिली हेही काही थोडं नाही. पण तो एकाच जोडीचा नाच. बाकीच्या जोड्या प्रेक्षक. काका-काकू, मामा-मामी, शेजारचे नवराबायको यांना कुणी म्हणत नाही की उठा, तुम्हीही ओळीत या.

एकदा एका लग्नात मी सुचवून पाहिलं. वधूचा मामा म्हणाला, ‘‘सर, ह्या बाईबरोबर तीस वर्षं नांगर ओढला, आता नाचायला लावता का?’’ मामी बाजूला उभी होती. ती म्हणाली, ‘‘विचारून तर बघा.’’ मग पंगत बसली.

*

सेसिल शार्पनं १९११ साली इंग्लंडात लोकनाचांची संस्था काढली. तोवर हे नाच खेड्यांतूनही विरळ होत चालले होते. शार्प गावोगाव हिंडला, म्हाताऱ्यांना नाचायला लावून टिपून घेतलं, आणि प्लेफर्डच्या पुस्तकातले नाच कोड्यासारखे सोडवून पुन्हा उभे केले. आज लंडनच्या कॅम्डन भागात त्याच्या नावाची १९३० साली उघडलेली इमारत आहे. आता शिकणारे बहुतेक शहरातले, मास्तर, कारकून, संगणकवाले. आपल्याकडे लेझीमही अशीच शाळेच्या पटांगणात येऊन राहिली. हलगीची जागा ड्रमनं घेतली आणि सव्वीस जानेवारीला तहसीलसमोर पोरांच्या ओळी उभ्या राहतात. चुकलेल्या पोराचा कान पिरगाळला की नाच कवायत होतो, एवढं मास्तरलोकांनी ध्यानात ठेवावं.

*

फडाचा पट्टा पडतो तो दिवस अजून लिहायचा राहिला.

हंगाम संपतो त्याला पट्टा पडणं म्हणतात. शेवटच्या खेपेचा ट्रॅक्टर सजवतात: वाढ्यांच्या कमानी, फुगे, झेंडूच्या माळा, पुढं स्पीकर. गुलालाची पोती फुटतात. आणि मग बाराच्या बारा कोयते ट्रॅक्टरपुढं नाचतात. इथं बायांची वेगळी गर्दी आणि बाप्यांची वेगळी असं राहत नाही. पाचसहा महिने शेजारशेजारच्या पातीत राबलेली माणसं, कोण कुणाची मोळी उचलायला धावलं, कुणाच्या लेकराला कुणी पाजलं, सगळं एकमेकांना माहीत. नवरा बायकोच्या कपाळाला गुलाल लावतो, ती त्याच्या टोपीत ओतते, शेजारची जोडी येऊन दोघांना ओढते. सासू-सुना, दीर-भावजया एकाच गर्दीत. मोबाइलवर याचे व्हिडिओ फिरतात, हजारो लोक बघतात.

ओळ नसते, डोकं नसतं, माइकवर सांगणारी बाई नसते. पण जोडपी जोडपी म्हणून आलेली आणि एकमेकांत मिसळून नाचणारी माणसं मला आमच्या मुलखात दिसली ती एवढीच.

खेप काट्यावर गेली की स्पीकर बंद होतो आणि मुकादमाची वही उघडते. तोड किती टन, उचल किती, खाडे किती, किराणा किती. गडी उकिडवा बसून ऐकतो, बाई कोपीतली भांडी पोत्यात भरते. उचल फिटली तर वरचे पैसे हातात. नाही फिटली तर बाकी पुढच्या सालावर चढते आणि दसऱ्याला तोच कोयता त्याच टोळीत.